घराखालची ओल आणि उन्हाळ्यातील हवा

अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांत, पायाच्या बुटक्या भिंतींवर लाकडी तुळया टाकून त्यांवर घर उभारण्याची पद्धत आहे. तुळयांखाली माणूस जेमतेम रांगत जाऊ शकेल एवढीच पोकळी उरते. तिला क्रॉल स्पेस म्हणतात. या पोकळीतील ओल जावी म्हणून भिंतींत झरोके ठेवायचे आणि वारा खेळता ठेवायचा, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. बांधकामाच्या नियमांतही दर १५० चौरस फूट जमिनीमागे १ चौरस फूट झरोका, असे प्रमाण रूढ झाले. ओल आली की खिडक्या उघडाव्यात, या आपल्या सवयीशी ते इतके जुळते की तिकडे घर घेणाऱ्या मराठी माणसालाही त्यात काही वावगे वाटू नये.

दमट उन्हाळ्यात मात्र हा उपाय उलटतो. तापमान ३२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना बाहेरच्या हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २० ग्रॅम वाफ असते. घराखालची जमीन आणि वरच्या वातानुकूलित खोल्यांमुळे गार झालेल्या तुळया २० अंशांच्या आसपास असतील, तर त्या तापमानाच्या हवेत १७ ग्रॅमच्या थोडी वर एवढीच वाफ मावते. उरलेल्या वाफेचे पाणी होऊन ते तुळयांवर आणि थंड हवा वाहून नेणाऱ्या नळकांड्यांवर जमते. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात फरशीला पाणी सुटते, तीच ही क्रिया. परंतु येथे भिजते ते घर तोलून धरणारे लाकूड. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की त्यावर बुरशी धरते आणि तो ३० टक्क्यांच्या जवळ गेला की लाकूड कुजू लागते. अशा दिवसांत जितके जास्त झरोके उघडावेत, तितकी अधिक वाफ आत येते.

उत्तर कॅरोलायनातील प्रिन्सव्हिल येथे ॲडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने एकसारख्या १२ घरांवर केलेला अभ्यास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. झरोके बंद करून जमिनीवर प्लास्टिक अंथरलेल्या पोकळ्या उन्हाळ्यात स्पष्टपणे कोरड्या राहिल्या आणि त्या घरांचा गरम-थंड करण्याचा ऊर्जाखर्चही सरासरी १५ टक्के किंवा त्याहून अधिक घटला.

अर्थात, नुसते झरोके बुजवून भागत नाही. आधी पाणी अडवावे लागते: १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी खाली येते, आणि ते पन्हळीतून दूर न नेल्यास पायाशीच मुरते. घराभोवतालच्या जमिनीला पहिल्या दहा फुटांत सहा इंच तरी उतार हवा. त्यानंतर उघड्या मातीवर किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचे पॉलिथिन, सांधे एकमेकांवर चढवून आणि कडा भिंतीला चिकटवून, पसरायचे, कारण कोरडी दिसणारी मातीही सतत वाफ सोडत असते. उष्णतारोधक थराची पाळी त्यानंतरची. पोकळी बंद केली की तो तुळयांमध्ये न कोंबता पायाच्या भिंतींना लावता येतो. मात्र वरच्या कडेला काही इंच भिंत उघडी ठेवावी, म्हणजे वाळवीने मातीच्या नळ्या बांधल्या तर त्या नजरेस पडतात. आत डीह्युमिडिफायर (हवेतील ओल शोषून घेणारे यंत्र) किंवा घरातील कोरड्या हवेचा थोडा पुरवठाही ठेवावा लागतो.

उत्तरेकडे पाया जमीन गोठते त्या थराच्या खाली न्यावाच लागत असल्याने तेथे पूर्ण उंचीची तळघरे असतात, आणि तेथील नेहमीची चूक वेगळी आहे. काँक्रीटच्या भिंतीला लागून लाकडी सांगाडा, त्यात ग्लासवूल (काचतंतूंचा उष्णतारोधक कापूस) आणि खोलीच्या बाजूने प्लास्टिक, अशी रचना केली की मातीतून काँक्रीटमध्ये शिरलेली ओल मधल्या थरात अडकते आणि लाकूड आतल्या आत सडते. त्याऐवजी फोमचे कडक तक्ते थेट काँक्रीटवर चिकटवून सांधे बंद केले, तर घरातील दमट हवा थंड भिंतीपर्यंत पोहोचतच नाही.

हिवाळ्यात घरातील उबदार हवा वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला तळची हवा वर ओढली जाते. म्हणून बुरशीचे बीजकण आणि मातीतून झिरपणारा किरणोत्सारी रेडॉन वायू शयनगृहापर्यंत पोहोचतात. रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला १४८ बेकेरल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) किंवा अधिक आढळल्यास उपाय करावा, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. झरोके बंद केल्यावर हे मोजमाप अवश्य करून घ्यावे; प्रमाण जास्त निघाले तर पॉलिथिनखालून एक नळ छपराबाहेर काढून त्यावर पंखा बसवतात, आणि तो वायू घरात शिरण्याआधीच बाहेर खेचला जातो.