‘दोन दिवसांनी दाखवा’ म्हणता येत नाही तेव्हा

घसा दुखतो म्हणून कोणी सकाळी फॅमिली डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरांच्या हाताशी औषधाइतकेच कामाचे एक वाक्य असते: ‘दोन दिवसांनी दाखवा.’ रात्री अकराला ड्युटीवर बसलेल्या डॉक्टरला ते म्हणता येत नाही. रुग्ण अनोळखी, जुने कागद समोर नाहीत आणि दोन दिवसांनी त्या खुर्चीत दुसरेच कोणी बसलेले. अँटिबायोटिक कधी द्यावे याच्या सूचना मात्र बराच काळ सकाळच्या डॉक्टरला डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिल्या गेल्या.

पूर्वी हा फरक एवढा ठळक नव्हता. युरोपात बऱ्याच ठिकाणी आजूबाजूचे डॉक्टरच आळीपाळीने रात्र काढत. डेन्मार्कने १९९२ मध्ये हे काम मोठ्या प्रादेशिक केंद्रांकडे दिले. तिथे बहुतेक भागांत फोन डॉक्टरच उचलू लागले. नेदरलँड्समध्ये २००० च्या सुमारास डॉक्टरांच्या मोठ्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना सरकारी आरोग्यसेवेशी झालेल्या २००४ च्या करारानुसार रात्रीची जबाबदारी सोडण्याची मुभा मिळाली आणि बहुतेकांनी ती घेतली. डॉक्टरांना झोप मिळाली, ते रास्तच होते. पण रुग्ण आणि डॉक्टर यांची ओळख तुटली.

याच काळात अँटिबायोटिकना दाद न देणाऱ्या जिवाणूंची चिंता वाढत होती. स्वीडनने १९९५ मध्ये अँटिबायोटिक जपून वापरले जावे यासाठी ‘स्ट्रामा’ हे जाळे उभारले. ब्रिटनमधल्या सरकारी समितीच्या १९९८ च्या अहवालाने फॅमिली डॉक्टरांना चार गोष्टी सांगितल्या. साध्या सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक नको, विषाणूंमुळे दुखणाऱ्या घशाला नको, एरवी निरोगी असलेल्या स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गाला तीनच दिवस द्या, आणि फोनवर अँटिबायोटिक लिहून देणे अपवादापुरतेच ठेवा. ही चौथी सूचना रात्रीच्या सेवेला थेट भिडते, कारण तिथले बरेच काम फोनवर चालते. कान दुखून रडणारे मूल पलीकडे ऐकू येते, कानाचा पडदा दिसत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी पॉल लिटल या ब्रिटिश संशोधक-डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी घसादुखीच्या ७१६ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध केली होती. एका गटाला सांगितले होते की तीन दिवसांत उतार पडला नाही तरच दवाखान्यात ठेवलेली औषधाची चिठ्ठी न्या. त्यातल्या ६९ टक्के लोकांनी ती वापरलीच नाही. राखीव चिठ्ठीची ही युक्ती पुढे सूचनांमध्ये आली. रात्री मात्र ती अडखळते, कारण चिठ्ठी रिसेप्शनवर ठेवली तर ती घ्यायला येणार कुठे? मग ती हातातच द्यावी लागते आणि सारी भिस्त दोन मिनिटांच्या बोलण्यावर राहते.

प्रशिक्षणाचा रोख औषधांच्या नावांकडून बोलण्याकडे वळला तो यामुळेच, असे मला वाटते. डॉक्टरांना नियम ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत डॉक्टरांना संवादाचे प्रशिक्षण दिल्यावर चिठ्ठ्या घटल्या, आणि शरीरातला दाह किती आहे ते बोटातल्या थेंबभर रक्तावरून दाखवणाऱ्या सीआरपी तपासणीनेही घटल्या. २०१३ मध्ये सहा युरोपीय देशांत हेच इंटरनेटवरून शिकवून पाहिले गेले, तेव्हाही फरक पडला. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले की ओपीडी जसजशी लांबते, तसतसे श्वसनसंसर्गाला अँटिबायोटिक लिहिण्याचे प्रमाण वाढते. ती तर दिवसाची ओपीडी होती. पहाटे तीनचा डॉक्टर किती थकलेला असेल?

‘दोन दिवसांनी दाखवा’ला पर्याय म्हणून शेवटी कागद आला. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००८ मध्ये दुखणे साधारण किती टिकते ते मांडले होते: कान ४ दिवस, घसा आठवडाभर, सर्दी दीड आठवडा, खोकला ३ आठवडे. २०१२ पासून अँटिबायोटिकच्या नेमक्या वापरासाठी फॅमिली डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या तिथल्या ‘टार्गेट’ साहित्यातल्या पत्रकात असे आकडे छापले जातात. शेजारी घरी काय करायचे आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच मदत मागायची हे लिहिलेले असते. डॉक्टर लागू असेल तिथे खूण करून तो कागद रुग्णाच्या हाती देतात.