चाकावरचं एक किलो खरंच दहा किलोचं असतं का?

ॲलॉय व्हीलच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: चाकाचं एक किलो कमी करा, गाडीचं दहा किलो कमी केल्यासारखं होतं. कुणी दहा म्हणतो, कुणी आठ. इंदुरातल्या दुकानांमध्ये तर हे वाक्य महाग रिम विकण्याचं मुख्य हत्यार झालं आहे. आता ते इंजिनिअरिंगच्या मुलांच्या तोंडीही बसलंय. रामबागेतल्या आमच्या स्नेह्यांची मुलगी तिच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये आहे. तिने विचारलं, "काका, टायर 22 इंच व्यासाचे घ्यावेत की 25 चे? सीनिअर म्हणतात, मोठं चाक घेतलं की त्रिज्येचा वर्ग आडवा येतो, गाडी उचलणारच नाही."

प्रश्न अगदी रास्त आहे. सीनिअरांनी दिलेलं कारण मात्र चूक आहे, आणि ते का चूक आहे हे समजून घेणं हा यांत्रिकीतल्या सुंदर अनुभवांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना बाहा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विद्यार्थ्यांनी स्वतः डिझाइन करून, स्वतः वेल्डिंग करून बांधलेली एका माणसाची गाडी मातीत, खड्ड्यांत, दगडांवर पळवायची, अशी ही स्पर्धा. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात 1976 साली तिची सुरुवात झाली. आपल्याकडे एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संघटनेने ती 2007 मध्ये आणली, तीही इंदूरच्या शेजारी पीथमपूरला. तिथल्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला तेव्हा पेपरांत गाजला होता, पण बाहाच्या मुलांचा जीव अडकतो तो धुळीच्या वाटेवर. शेवटची आणि सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे चार तासांची एंड्युरन्स शर्यत. पेट्रोलच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, 10 अश्वशक्तीचं. इंजिनात कुणाला काही जास्त मिळत नाही, म्हणून चाकाचा आकार ठरवताना इतका खल होतो.

आता मूळ मुद्द्याकडे. गाडीवर एक किलोची वस्तू ठेवली आणि गाडीला वेग दिला, तर त्या वस्तूला गतिज ऊर्जा द्यावी लागते: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. हे नववीत झालेलं आहे. तीच वस्तू चाकाच्या अगदी कडेला बसवली तर ती गाडीबरोबर पुढे जाते आणि शिवाय गोल फिरते. पुढे जाण्याची ऊर्जा तीच, फिरण्याची वेगळी द्यावी लागते. फिरण्याची ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले जडत्व आघूर्ण गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. कडेवरच्या वस्तूसाठी जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग. सीनिअर ज्याला घाबरतात तो वर्ग हाच.

पण कोनीय वेग किती? चाक न घसरता लोळत असेल तर कोनीय वेग म्हणजे गाडीचा वेग भागिले त्रिज्या. त्याचा वर्ग केला की त्रिज्येचा वर्ग छेदात येतो. वर त्रिज्येचा वर्ग, खाली त्रिज्येचा वर्ग. दोन्ही कटतात! उरतं काय? अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे पुढे जाण्याला जेवढी ऊर्जा, नेमकी तेवढीच फिरण्याला. मोठं चाक फिरवायला जड असतं हे खरं, पण त्याच वेगासाठी ते सावकाश फिरतं, आणि हा हिशेब पै-पैशापर्यंत जुळतो. चाक ट्रॅक्टरचं असो की स्कूटरचं, कडेवरचं एक किलो दोन किलोइतकंच भारी पडतं. दहा नाही, आठ नाही. दोन. आणि तेही सगळं वजन कडेला असेल तरच.

खऱ्या चाकात वजन हबपासून टायरपर्यंत पसरलेलं असतं, म्हणून दोनच्याही खाली येतं. भरीव चकतीसाठी हा आकडा दीड आहे, पातळ कड्यासाठी दोन, आणि रिम-टायरची जोडी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. नेमकं कुठे, हे घरच्या घरी मोजता येतं. छतातल्या तीन हुकांना सारख्या लांबीच्या तीन दोऱ्या बांधा आणि चाक त्यांवर आडवं, सपाट टांगा. दोऱ्या उभ्या सरळ हव्यात आणि मध्यापासून सारख्या अंतरावर हव्यात. चाकाला हलकेच पीळ देऊन सोडा. ते डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस झोके (एकदा जाऊन परत येणं म्हणजे एक झोका) मोजा आणि एका झोक्याचा वेळ काढा. दोऱ्या दोन मीटर लांब, मध्यापासून 15 सेंटिमीटरवर बांधलेल्या आणि टायरची त्रिज्या 28 सेंटिमीटर असेल, तर 4.4 सेकंदांच्या झोक्याचा अर्थ असा की त्या चाकाचा फिरण्याचा वाटा 0.69 आहे. म्हणजे चाकाचं एक किलो गाडीला 1.69 किलोसारखं जाणवेल. यातली मौज अशी की चाकाचं वजन करायचीही गरज नाही. झोक्याच्या गणितात वस्तुमानही कटून जातं. गणित ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: गुरुत्वत्वरण, चाकाच्या मध्यापासून दोरीच्या अंतराचा वर्ग आणि झोक्याच्या वेळेचा वर्ग यांचा गुणाकार करा; त्याला चार, पायचा वर्ग, दोरीची लांबी आणि टायरच्या त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा. सायकलचं चाक टांगून बघा, आकडा एकाच्या बराच जवळ येईल, कारण तिथे जवळजवळ सगळं वजन कडेलाच असतं.

आता हे आकडे बाहाच्या गाडीला लावू. गाडी आणि चालक मिळून 230 किलो धरा. प्रत्येक चाकात दोन किलो वाचवले तर चार चाकांचे आठ किलो, 1.69 ने गुणले की साडेतेरा. म्हणजे एकूण भाराच्या जवळपास सहा टक्के. हलक्या गाडीला हे मोठं आहे. हजार किलोच्या हॅचबॅकमध्ये तेच साडेतेरा किलो जेमतेम 1.35 टक्के भरतात.

मग दहाचा आकडा आला कुठून? मला दिसतं ते कारण गिअरबॉक्सच्या अलीकडे आहे. इंजिनच्या वेगाने फिरणाऱ्या भागांना चाकाचा न्याय लागू पडत नाही. चाक एकदा फिरतं तेव्हा पहिल्या गिअरमध्ये इंजिन समजा तीस वेळा फिरतं. कोनीय वेग तीसपट, ऊर्जेत त्याचा वर्ग, म्हणजे नऊशेपट. बाहाच्या गाडीत इंजिनच्या शाफ्टवर सीव्हीटीची (पट्ट्यावर चालणाऱ्या, गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या गिअरची) पुली असते. ती दोन किलोची, आठ सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती मानली, तर तिचं जडत्व आघूर्ण 0.0064 येतं. गुणिले नऊशे, भागिले टायरच्या त्रिज्येचा वर्ग: 73 किलो! दोन किलोची पुली सुटताना अख्ख्या चालकाएवढी भारी पडते. गाडीने वेग घेतला, एकूण गुणोत्तर आठवर आलं की तीच पुली पाच किलोची होते. इथे त्रिज्या कटत नाही, आणि गंमत म्हणजे टायरची त्रिज्या छेदात असल्यामुळे टायर मोठा घेतला तर पुलीचा हा बोजा उलट कमी होतो. हलकं करायचंच असेल तर आधी इथे हात घाला, असं मी प्रत्येक टीमला सांगेन.

म्हणजे मोठ्या टायरचं काहीच नुकसान नाही? आहे, पण ते वेगळ्या खात्यावर. टायरचा व्यास हा गाडीचा शेवटचा गिअर असतो. 22 इंची टायर एका फेऱ्यात साधारण 175 सेंटिमीटर जातो, 25 इंची 199. गिअरबॉक्स तोच ठेवून 25 लावला तर जमिनीवर मिळणारा रेटा 12 टक्के घटतो, आणि हे 12 टक्के गाडी उभी असतानाही, चढावरही, चिखलातही घटलेलेच राहतात. सीनिअरांना गाडी मंद वाटली असेल तर ती यामुळे. त्रिज्येच्या वर्गाचा त्यात काही संबंध नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दहा सेंटिमीटरचा दगड ओलांडायला पुढच्या चाकाला मागून किती ढकलावं लागतं याचा हिशेब भूमितीने होतो. 28 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला त्याच्यावरच्या भाराच्या 1.19 पट, आणि 25 इंची टायरच्या 31.75 सेंटिमीटर त्रिज्येला 1.06 पट. म्हणजे सुमारे 11 टक्के सोपं. रेटा 12 टक्क्यांनी गेला, दगड 11 टक्क्यांनी सोपा झाला! शिवाय गाडी पावणेचार-चार सेंटिमीटर वर उचलली गेली, ते वेगळं.

म्हणून त्या मुलीला मी आकड्याऐवजी क्रम सांगितला. गिअरबॉक्स विकत घेऊन झाला असेल आणि त्याचं गुणोत्तर बदलता येत नसेल तर 22 किंवा 23 वरच राहा. गिअरबॉक्स अजून कागदावर असेल तर आधी टायर ठरवा, मग त्या व्यासाला धरून गुणोत्तर काढा. हरवलेले 12 टक्के तिथे परत मिळतात. बऱ्याच टीम हे उलट करतात.

रिमचा व्यास मात्र टायरच्या व्यासाहून वेगळी गोष्ट आहे, आणि रस्त्यावरच्या गाड्यांत लोक इथेच फसतात. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 टायर येतो, वरच्या मॉडेलला 185/65 आर 15. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि त्याचे दुसऱ्या आकड्याइतके टक्के म्हणजे रबराच्या भिंतीची उंची. ती दोनदा घेऊन रिमच्या इंचांत मिळवली की बाहेरचा व्यास येतो. करून बघा: एक 620 मिलिमीटर, दुसरा 621. म्हणजे 'मोठं चाक' मोठं झालंच नाही. धातू वाढला आणि रबर घटलं. चकाचक दिसतं, पण खड्डा झेलायला उरलेली रबराची भिंत बारीक झालेली असते. बाहात रिम ठरते ती ब्रेकवरून. डिस्क, कॅलिपर आणि नकल (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा भाग) रिमच्या पोटात बसले पाहिजेत. दहा इंचात बसत असेल तर बारा घेऊ नये.

रुंदीबद्दलही तसाच गैरसमज आहे की रुंद टायर म्हणजे जास्त जमीन पकडली. मागच्या चाकावर 65 किलो असतील आणि हवेचा दाब दहा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर जमिनीला टेकणारं क्षेत्र सुमारे 92 चौरस सेंटिमीटर, टायर अरुंद असो वा रुंद. रुंदीने त्या क्षेत्राचा आकार बदलतो, माप फारसं नाही. हवा सातवर आणली की तेच 130 च्या पुढे जातं. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कल हाच. फार उतरवली की वळणावर टायर रिममधून निघतो आणि चार तासांची शर्यत तिथेच संपते. मातीत पकड येते ती गुट्ट्यांनी (टायरवरच्या रबरी उंचवट्यांनी) माती कापण्यातून, आणि आपली माळव्याची काळी माती ओली झाली की गुट्ट्यांच्या मधल्या खाचा भरून टाकते. प्रत्येक चाकाला दोन किलो चिखल चिकटला तर तो अगदी कडेला असतो, म्हणजे पूर्ण दुपटीने लागू: चार चाकांचे 16 किलो. खाचा रुंद असलेला, चिखल झटकून टाकणारा टायर म्हणूनच घ्यावा.

शर्यतीच्या सकाळी कित्येक टीम चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतात, बंपरला लिंबू-मिरची बांधतात. मला याचं वाईट वाटतं, कारण हीच मुलं वर्षभर बल आणि ताण मोजत असतात. ज्या पाच मिनिटांत लिंबं ठेवली जातात त्या पाच मिनिटांत चाकांचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, पुन्हा एकदा आवळता येतात. चाक निखळतं ते नट सैल राहिल्याने, नजर लागल्याने नव्हे. नायट्रोजनचंही तसंच. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. तापल्यावर कोरड्या हवेचा दाब जितका वाढतो तितकाच नायट्रोजनचा वाढतो. फरक पाडते ती बाष्प, आणि ती कंप्रेसरला नीट ड्रायर लावून काढता येते. पैसे देऊन सिलिंडर भरण्याऐवजी चांगला प्रेशर गेज घ्यावा, जो कमी दाबातही अर्ध्या पीएसआयचा फरक दाखवू शकेल.

टायर निवडायला दुकानात जाताना ताणकाटा आणि शिवणकामाची टेप बरोबर न्या. एकाच मापाचे, 23×7-10 (बाहेरचा व्यास, रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) लिहिलेले दोन कंपन्यांचे टायर वजनाने वेगळे भरतात, आणि हवा भरल्यावर घेरही छापल्याप्रमाणे येईलच असं नाही. ताणकाट्याला टायर लटकवा, वजन लिहा. मग रिमवर चढवून शर्यतीतली हवा भरा, कडेने टेप फिरवून घेर मोजा. गिअरबॉक्सच्या गणितात घालायचा तो हाच घेर.