जेम्स स्टुअर्ट : बढतीच्या वादामागची पार्श्वभूमी
हॉलिवूडचा नट जेम्स स्टुअर्टचे चित्रपट वाचकांना सांगायला नकोत. त्याच्या नावाआधी लागणाऱ्या ‘ब्रिगेडियर जनरल’वर मात्र दोन शंका हमखास निघतात. हवाई दलात ब्रिगेडियर कसा? आणि नटाला दिलेला हा मानाचा शिक्काच ना?

पहिलीचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेचं हवाई दल १९४७ मध्ये भूदलापासून वेगळं झालं, पण हुद्द्यांची नावं भूदलाचीच राहिली. आपल्या हवाई दलाने ब्रिटिश वळण ठेवलं, म्हणून त्याच पातळीचा अधिकारी आपल्याकडे एअर कमोडोर असतो.

मानाचा शिक्का तर तो मुळीच नव्हता. आजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले, वडील पहिल्या महायुद्धात. स्टुअर्टला फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑस्कर मिळालं आणि मार्चमध्ये तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्याआधी एकदा वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. इतर वैमानिकांना प्रशिक्षण देण्याच्या कामात अडकून पडायला तो तयार नव्हता. नोव्हेंबर १९४३ मध्ये बी-२४ बॉम्बर विमानांच्या स्क्वॉड्रनचा प्रमुख म्हणून तो इंग्लंडमधल्या टिबेनहॅम तळावर पोहोचला. त्याच्या नावावर २० मोहिमांची अधिकृत नोंद आहे. मार्च १९४५ मध्ये तो कर्नल झाला. शिपाई ते कर्नल, अवघ्या चार वर्षांत.

वाद पेटला तो १९५७ मध्ये. राष्ट्राध्यक्षांनी ब्रिगेडियर जनरलपदी बढतीसाठी त्याचं नाव पाठवलं आणि सिनेटच्या समितीने ते ऑगस्टमध्ये एकमताने फेटाळलं. विरोधात पुढे होत्या मेन राज्याच्या एक महिला सिनेटर, ज्या स्वतः हवाई दलाच्या राखीव दलात लेफ्टनंट कर्नल होत्या. युद्धानंतर स्टुअर्टने राखीव दलात फारच थोडे दिवस प्रशिक्षण घेतलं, हा त्यांचा आक्षेप. शिवाय पुन्हा युद्ध झालंच, तर त्याच्यासाठी बॉम्बर दलाच्या मोहिमा आखणाऱ्या विभागातलं वरचं पद योजलेलं होतं.

सगळी गुंतागुंत ‘राखीव’ या शब्दात आहे. राखीव अधिकारी आपला व्यवसाय सांभाळून ठरावीक दिवस सराव करतो आणि बढतीच्या वेळी ते दिवस मोजले जातात. नियम सर्वांना सारखाच हवा, म्हणून आक्षेप पोकळ नव्हता, हे मान्य करायलाच हवं. तरीही जर्मनीवर बॉम्बर नेणाऱ्या माणसाची पारख हजेरीपटावरून व्हावी, हे मला आजही खटकतं.

नकारानंतरच्या दोन वर्षांत त्याचा ‘व्हर्टिगो’ येऊन गेला. जुलै १९५९ मध्ये ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ झळकला आणि त्याच महिन्यात बढतीही मिळाली, पण मोहिमांऐवजी जनसंपर्क सांभाळणाऱ्या माहिती विभागातलं काम नेमून दिल्यावर. फेब्रुवारी १९६६ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, तो निरीक्षक म्हणून बी-५२ मधून व्हिएतनामवरच्या मोहिमेत गेला. दोन वर्षांनी निवृत्त झाला.

मानाच्या हुद्द्याचा समज एवढा का पसरला? कारण आपल्या युद्धसेवेचा जाहिरातीत वापर करायचा नाही, ही अट त्याने युद्धानंतरच्या चित्रपटांच्या करारात घातली होती.