टीच-इन आलं कुठून? मिशिगनच्या प्राध्यापकांची ती एक रात्र

कॅम्पसवर युद्धाविरुद्ध कोणी बोललं की लगेच ऐकू येतं, प्रोफेसरांनी शिकवावं, राजकारणात कशाला पडायचं. मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनाही १९६५ मध्ये हेच ऐकवलं गेलं होतं आणि टीच-इन, म्हणजे एखाद्या प्रश्नावर कॅम्पसवर सगळ्यांसाठी खुली व्याख्यानं आणि वादचर्चा, जन्माला आलं ते त्यातूनच.

झालं असं की १९६४ च्या निवडणुकीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन सांगत होते, आशियातल्या लढाईत अमेरिकन पोरं पाठवणार नाही, यातल्या बऱ्याच प्राध्यापकांचा त्यांना पाठिंबाही होता, आणि मार्च १९६५ उजाडला तर उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू, ८ मार्चला दक्षिण व्हिएतनामच्या दा नांगला अमेरिकन मरीन्स सैनिक उतरलेसुद्धा. सरळ फसवणूक होती ही. म्हणून ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावच्या, या मंडळींनी ठरवलं की एक दिवस वर्ग बंद आणि फक्त व्हिएतनामवर बोलायचं. त्यावर मिशिगनचे गव्हर्नर रॉम्नी, आमदार, विद्यापीठाचे प्रेसिडेंट सगळेच तुटून पडले. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ मार्शल सालिन्स यांनी तोडगा काढला, शिकवणं बंद करायचंच नाही, उलट रात्रभर शिकवायचं!

२४ मार्चला रात्री ८ ला एंजल हॉलमध्ये सुरू झालं ते सकाळी ८ पर्यंत. ३ हजारांच्या आसपास लोक. तेव्हा मुलींना हॉस्टेलवर ठरलेल्या वेळेत परतावं लागायचं, त्या रात्री त्यांना खास सूट मिळाली. मध्येच बॉम्बच्या धमक्या आल्या, हॉल रिकामा करावा लागला, तर लोक बाहेर कडाक्याच्या थंडीत जमले आणि कार्यक्रम पुढे चालूच राहिला. युद्धाच्या बाजूचे विद्यार्थीही आले होते, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं, कारण नुसत्या घोषणा नव्हत्या, समोरासमोर वाद घालता येत होता.

दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टीच-इन झालं, मग एकेक कॅम्पस करत देशभर. १५ मे ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय टीच-इन ठेवलं, टेलिफोन लाइनवरून १०० हून जास्त कॅम्पसवर ते ऐकवलं गेलं. सरकारची बाजू मांडायला जॉन्सनचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी येणार होते, पण ऐनवेळी आलेच नाहीत, कारण जॉन्सननी त्यांना डॉमिनिकन रिपब्लिकला धाडलं होतं, जिथे अमेरिकेनं एप्रिलअखेर आणखी एक फौज उतरवली होती.

सालिन्स तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच वर्षी ते स्वतः व्हिएतनामला गेले, तिथल्या अमेरिकन लोकांशी बोलले आणि परत येऊन कैद्यांच्या छळाबद्दल लिहिलं.