पोर्तुगाल की इंडोनेशिया? सिव्हिलायझेशन 6 मधली दोन दर्यावर्दी साम्राज्यं

बेटांचा नकाशा घेतला आणि व्यापाराच्या जोरावर डाव खेळायचं ठरवलं, की सिव्हिलायझेशन 6 या साम्राज्य उभारण्याच्या कॉम्प्युटर खेळात हात दोन नावांवर घुटमळतो. एक पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा, दुसरी इंडोनेशियाची राणी गितार्जा. दोघांचीही शहरं किनाऱ्यावर शोभतात आणि दोघांकडेही खास जहाज आहे. वर्णन वाचताना दोघांच्याही नावापुढे समुद्रच दिसतो. म्हणून बरेच जण दोघांना एकाच पठडीतले समजून एकाच पद्धतीने खेळतात आणि निम्म्या डावापर्यंत काय चुकतंय तेच कळत नाही.

माझा इंडोनेशियाचा पहिला डाव असाच गेला. आधी ट्रेडर (व्यापारी मार्ग चालवणारा), मग हार्बर (शहराचा बंदर विभाग), मग आणखी ट्रेडर. शंभराव्या टर्नला पाहिलं तर गोल्ड इतरांइतकंच होतं आणि शहरं मात्र तीन-चार लोकसंख्येवर अडकून पडली होती. नंतर शांतपणे वाचून काढलं तेव्हा लक्षात आलं, की इंडोनेशियाच्या खास गुणांमध्ये व्यापारी मार्गांचा उल्लेखच नाही. मार्गांची संख्या वाढत नाही, त्यांचं उत्पन्न वाढत नाही, पल्लाही वाढत नाही. बेटांचं साम्राज्य म्हणजे व्यापाराचं साम्राज्य, हे मीच गृहीत धरलं होतं.

या समजाला थोडा इतिहास आहे. सिव्हिलायझेशन 5 मध्ये 2013 साली हे दोन्ही देश एकाच विस्तारातून, म्हणजे खेळाला नंतर जोडलेल्या भागातून, आले. तिथला गजा मदाचा इंडोनेशिया खरोखरच मसाल्यांचा देश होता. दुसऱ्या खंडांवर वसवलेल्या पहिल्या तीन शहरांसोबत जायफळ, लवंग, मिरी अशी इतर कोणाला न मिळणारी चैनीची संसाधनं मिळायची. पुढच्या खेळात इंडोनेशिया ऑक्टोबर 2017 मध्ये आला तेव्हा हा सगळा भाग गळाला होता. पोर्तुगाल मार्च 2021 मध्ये आला तो मात्र व्यापारालाच धरून. जुन्या खेळाची सवय घेऊन येणारा इथे हमखास फसतो.

फरक थोडक्यात सांगायचा तर पोर्तुगालला समुद्र हा रस्ता आहे आणि इंडोनेशियाला तो शेत आहे.

आधी रस्त्याकडे पाहू. या खेळात व्यापारी मार्गांची संख्या मुख्यतः शहरं वाढवून वाढते. शहरात मार्केट किंवा लाइटहाउस बांधलं की एक मार्ग मिळतो, आणि एका शहरात दोन्ही बांधली तरी एकच. (हा नियम बऱ्याच जुन्या खेळाडूंच्याही लक्षात नसतो.) जुआंवचं गणित वेगळं आहे. त्याला नवी संस्कृती भेटली, की तिथल्या तिथे एक मार्ग वाढतो. प्रमाण आकाराच्या नकाशावर आठ खेळाडू असतात, म्हणजे नुसत्या ओळखीपाळखीवर सात मार्ग. त्यात त्याच्या सगळ्या युनिट्सना एक टाइल (नकाशातलं एक घर) जास्त लांबचं दिसतं आणि सगळ्या नगरराज्यांच्या सीमा त्याला उघड्या असतात. म्हणून पोर्तुगालचा पहिला खर्च सेटलरवर (नवं शहर वसवणाऱ्यावर) नाही, गॅलीवर (सुरुवातीच्या जहाजावर) करावा. किनाऱ्याला धरून एक गॅली डावीकडे, एक उजवीकडे. कोणी भेटलं की लगेच एक ट्रेडर बांधायला घ्यायचा. मार्ग मिळाला म्हणजे ट्रेडर मिळाला असं नाही, तो बांधावा किंवा विकत घ्यावाच लागतो. इथे नवखे हमखास ढिले पडतात आणि पाच मार्ग रिकामे ठेवून बसतात.

बाकीच्यांच्या ट्रेडरना समुद्रात उतरायला सेलेस्टियल नॅव्हिगेशन हे तंत्रज्ञान लागतं. पोर्तुगालचा ट्रेडर पहिल्या दिवसापासून होडीत बसतो. पाण्यावर इतरांचा पल्ला 30 टाइल, त्याचा 45. परदेशी मार्गाचं सगळं उत्पन्न दीडपट. अट एकच: परदेशी मार्ग किनाऱ्यावरच्या किंवा हार्बर असलेल्या शहरापर्यंतच जातो. शेजाऱ्याची राजधानी दोन टाइल आत असली आणि हार्बर नसलं, तर ती कितीही श्रीमंत असो, आपल्या उपयोगाची नाही.

एक मार्ग जवळून बघू. समोरच्या बेटावर एक नगरराज्य आहे, त्याला हार्बर आहे. परदेशी मार्गाला सिटी सेंटरचे (शहराच्या मुख्य टाइलचे) 3 गोल्ड, हार्बरचे 3, असे इतर कोणालाही 6 मिळतील. पोर्तुगालला 9. पुढे कार्टोग्राफी हे तंत्रज्ञान आलं, की नाउ हे खास जहाज मिळतं आणि त्याला दोनदा फेइतोरिया बांधता येते. फेइतोरिया म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली वखार. ती दुसऱ्याच्या हद्दीत, जमिनीला लागून असलेल्या किनारी पाण्यात, बोनस किंवा चैनीच्या संसाधनाशेजारी उभी राहते. त्या शहराकडे जाणाऱ्या आपल्या मार्गाला प्रत्येक वखारीमागे 4 गोल्ड आणि 1 प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद) जास्त मिळतं. त्याच बेटाजवळ दोन वखारी बसल्या, तर 9 चा मार्ग आणखी बराच वर जातो. म्हणून जागा निवडताना वखारी पाच शहरांत विखरू नयेत. ज्या नगरराज्याशी भांडण होण्याची शक्यता कमी, त्याच्याच भोवती त्या दाटीने बसवाव्यात. दोन वखारी एकमेकींना चिकटून चालत नाहीत, एवढं मात्र बघावं लागतं.

मला ही रचना मनापासून आवडते, कारण ती इतिहासाला धरून आहे. जुआंव तिसऱ्याने 1521 ते 1557 राज्य केलं. लिस्बनची कासा दा इंदिया ही कचेरी पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहायची, आणि खेळातल्या गुणाचं नावही तेच आहे. मलाक्का त्याच्या आधीच, 1511 मध्ये जिंकलेलं होतं. मोठा प्रदेश ताब्यात न घेता मोक्याची बंदरं, किल्ले आणि वखारी यांच्यावर उभं राहिलेलं ते राज्य होतं. खेळातही पोर्तुगालने जास्त जिंकू नये. शेजाऱ्याला जिंकलं की जायला एक गाव कमी झालं. युद्ध पुकारलं की त्या देशाकडचे मार्ग तिथेच तुटतात, आणि पोर्तुगालचा पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

आता शेत. गितार्जा म्हणजे जावा बेटावरच्या मजपहित साम्राज्याची राणी त्रिभुवना, राज्यकाळ 1328 ते 1350. खेळातल्या तिच्या राज्याचा जीव आहे कम्पुंग, म्हणजे पाण्यातली वस्ती. शिपबिल्डिंग आलं की बिल्डर ती समुद्री संसाधनाशेजारच्या पाण्यात बांधतो. तिचं 1 प्रॉडक्शन, 1 हाउसिंग (लोकांना राहायची जागा), आणि शेजारच्या प्रत्येक मासेमारी होडीमागे 1 फूड.

आकडे किरकोळ वाटतात, पण लहान बेटावरच्या शहराची दुखणी आधी पाहा. गोड्या पाण्याजवळच्या शहराला सुरुवातीला 5 हाउसिंग मिळतं, नुसत्या किनाऱ्यावरच्या शहराला 3. बेटावर नदी नाही, डोंगर नाही, त्यामुळे अ‍ॅक्विडक्टही (पाणी आणणारा कालवा) बांधता येत नाही. साध्या किनारी टाइलवर 1 फूड, 1 गोल्ड, आणि प्रॉडक्शन शून्य. म्हणजे शहर वाढत नाही आणि वाढलं तरी काही बांधू शकत नाही. माझ्या त्या डावात शहरं तीन-चारवर अडकली ती याच कारणाने. आता त्याच पाण्यात दोन मासेमारी होड्यांच्या मधोमध एक कम्पुंग ठेवा. ती टाइल 3 फूड, 1 प्रॉडक्शन, 1 गोल्ड देते आणि शहराचं हाउसिंगही एकाने वाढतं. अशा चार बांधल्या, तर ज्या खडकावर दुसरा कोणी सेटलर पाठवणार नाही तिथे दहा लोकसंख्येचं शहर उभं राहतं.

जमिनीची टंचाई दुसऱ्या बाजूनेही भरून निघते. कॅम्पस (विद्येचा) आणि होली साइट (धर्माचा) अशा डिस्ट्रिक्टना, म्हणजे शहराच्या विभागांना, किनारी पाण्याच्या दर दोन टाइलमागे एक बोनस मिळतो. इतरांना त्यासाठी डोंगर शोधावे लागतात. समुद्राला टेकलेल्या सिटी सेंटरला 2 फेथ (धर्मातून मिळणारं चलन), आणि त्या फेथने जहाजं विकत घेता येतात. म्हणजे इंडोनेशियाचं आरमार तिजोरीवर अवलंबूनच नाही. शेजाऱ्याला वाटतं हे कोळ्यांचं निरुपद्रवी राज्य, आणि मध्ययुगात त्याच्या बंदरासमोर फेथने घेतलेले चार जाँग उभे असतात. जाँग हे फ्रिगेटच्या जागी मिळतं, पण मर्सिनरीज या सिव्हिकवर (सामाजिक शोधावर), म्हणजे बरंच आधी.

मग इंडोनेशियाने व्यापार करूच नये का? करावा, पण आपल्याच शहरांमध्ये. परदेशी मार्ग मुख्यतः गोल्ड देतो, अंतर्गत मार्ग फूड आणि प्रॉडक्शन. हे उत्पन्न मार्ग जिथून सुटतो त्या शहराला मिळतं, जिथे पोचतो त्याला नाही. किती मिळणार, ते मात्र पोचणाऱ्या शहरातल्या डिस्ट्रिक्टवर ठरतं. म्हणून नव्या बेटावरच्या बाळ शहराचा ट्रेडर जुन्या, भरलेल्या राजधानीकडे पाठवायचा. राजधानीतून नव्या शहराकडे पाठवला तर मार्ग फुकट गेला. पोर्तुगालला ही चाल बसत नाही, कारण दीडपटीचा फायदा अंतर्गत मार्गांना लागू नाही.

नकाशाबद्दल एक गोष्ट बहुतेक जण उलटी समजतात. भरपूर बेटं म्हणजे पोर्तुगालला पर्वणी, असं वाटतं. पण कार्टोग्राफी येईपर्यंत गॅली खोल समुद्रात जात नाही, ट्रेडरही नाही. बेटांमध्ये खोल पाणी असेल तर पोर्तुगाल पहिला बराच काळ एकटा बसतो. ना भेटी, ना मार्ग. त्याला उथळ पाण्याने जोडलेली बेटं किंवा लांबलचक किनारा हवा. सुरुवातीला कोंडी झालीच, तर दोन हार्बर लवकर बांधा, कार्टोग्राफीचा युरेका (शोध लवकर लागण्याची सवलत) त्यावरच मिळतो. हार्बर तर पोर्तुगाल बांधणारच असतो, त्यामुळे या वाटेने काही वाया जात नाही.

इंडोनेशियाला एकटेपणाचं काही वाटत नाही. त्याला शेजारी नकोत, मासे हवेत. त्याचं वळण शिपबिल्डिंगवर आहे, युरेका दोन गॅली बाळगण्याचा. तेव्हाच सेटलरही पाण्यात उतरू शकतात, म्हणजे वस्ती आणि कम्पुंग एकाच वेळी सुरू होतात.

गॅदरिंग स्टॉर्म विस्तारासह खेळत असाल तर पुढे समुद्राची पातळी वाढते आणि सखल किनारी टाइल बुडतात. फ्लड बॅरिअर, म्हणजे पाणी अडवणारी भिंत, कॉम्प्युटर्स या तंत्रज्ञानाशिवाय येत नाही. दोघांनाही हा त्रास आहे, पण इंडोनेशियाला जास्त झोंबतो, कारण त्याच्याकडे मुळात जमीन कमी आणि त्यावर डिस्ट्रिक्ट दाटलेले. कॅम्पस बांधण्याआधी ती टाइल सखल दाखवते का, ते पाहून घ्या.

माझ्यापुढे कोरा डाव ठेवला तर मी पहिल्या दहा टर्नमध्ये दोन गोष्टी मोजतो. सिटी सेंटरपासून तीन टाइलच्या आत मासे, खेकडे, मोती किती, आणि किनाऱ्याने गेल्यावर कोण कोण भेटतं. पहिला आकडा मोठा असेल तर तो पट गितार्जाचा. दुसरा मोठा असेल तर जुआंवचा, मग घरच्या पाण्यात एक मासा नसला तरी चालेल. आणि पोर्तुगाल निवडूनच बसला असाल आणि शेजारी सगळे आतल्या भागातले निघाले, तर त्यांच्या मागे लागू नका. नगरराज्यांच्या सीमा तुम्हाला उघड्या आहेतच. त्यातलं किनाऱ्यावरचं एखादं शोधा, सगळे ट्रेडर तिकडे वळवा आणि पहिली नाउ पाण्यात उतरली की वखार तिथेच बांधा.