महाकालाची भांग, भैरवाची दारू आणि आपलं यकृत

इंदूरहून उज्जैनला पोचायला दीडेक तास पुरतो. तिथे महाकालाच्या पिंडीवर भांगेचा शृंगार चढतो. त्याच गावात काळभैरवाच्या ओठांशी बशीतून दारू धरतात. आणि त्याच गावातली दारूची दुकानं सरकारने १ एप्रिल २०२५ पासून बंद केली आहेत. आमच्या इंदुरी मराठी घरांतही असंच चालतं. दारूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणारी मंडळी महाशिवरात्रीला भांग मात्र प्रसाद म्हणून घेतात.

याला मी ढोंग म्हणणार नाही. नशेचा पदार्थ कोणी, कधी, कोणत्या देवापुढे घ्यावा, हे धर्माने पाहिलं. मनुस्मृतीत सुरापान महापातकांत मोडतं. अथर्ववेदाच्या एका सूक्तात मात्र सोमाबरोबर भंगेचं नाव संकटातून सोडवणाऱ्या वनस्पतींत येतं. शरीराला ही विभागणी ठाऊक नसते. रेणू कोणता, किती आणि कोणत्या वाटेने आत आला, एवढंच ते बघतं.

तरीही धर्मविचारात कधी कधी फार बारीक निरीक्षण सापडतं. इंदुरात जैन समाज मोठा आहे, आणि जैन आचारात दारू वर्ज्य असण्याचं एक कारण हिंसा हे आहे. दहाव्या शतकातल्या अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात मद्य हे असंख्य जीवांचं उत्पत्तिस्थान असल्याचं म्हटलं. युरोपात दारू आंबवणारं यीस्ट हा सजीव आहे असं तीन संशोधकांनी १८३७च्या आसपास वेगवेगळं मांडलं, आणि पुढे पाश्चरच्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. आचार्यांकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यांच्या जीवकल्पनेचा पायाही वेगळा होता. पण आंबवणाचा फेस जिवंत आहे ही त्यांची समजूत खरी ठरली, आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटतं.

आता भांगेकडे येऊ, कारण फसगत सगळ्यात जास्त तिथेच होते.

गांजाच्याच झाडाची वाळलेली पानं धुवून, बहुधा उकळून, पाट्यावर वाटतात. वरवंट्याखाली आधी चोथा दिसतो, मग हळूहळू हिरवागार, चिकट गोळा होतो. त्यात बदाम, मगज (खरबुजाच्या बिया), बडीशेप, मिरी, खसखस पडते आणि दूध. यातली प्रत्येक पायरी रसायनशास्त्राला धरून आहे. ताज्या पानात नशेचा टीएचसी हा रेणू फारसा नसतोच. असतं ते त्याचं आम्लरूप, ज्याने नशा येत नाही. वाळताना थोडं आणि उष्णतेने बरंच जास्त आम्ल मोडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरतो. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून दूध आणि बदाम.

गांजाच्या धुराबरोबर टीएचसी फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो. प्यायलेली भांग आधी आतड्यात, तिथून यकृतात जाते. यकृत त्यातल्या बऱ्याच टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी करतं, आणि हा रेणूही चांगलाच नशा आणणारा आहे. या सगळ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात, कळस दोन-तीन तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला आलेल्या पाहुण्यांचं नेमकं इथेच चुकतं. पहिला ग्लास होऊन पाऊण तास झाला तरी काही वाटत नाही. “आमच्यावर चढत नाही हो,” म्हणत दुसरा घेतला जातो, आणि मग दोन्ही ग्लास एकदम अंगावर येतात. घसा कोरडा, छातीत धडधड, वेळेचं भान नाही, आपण मरतोय अशी भीती. त्यातून एका ग्लासात किती टीएचसी आहे हे वाटणाऱ्यालाही माहीत नसतं, कारण ते पानागणिक बदलतं.

मेंदूत टीएचसीला बसायला जागा आहे, कारण आपला मेंदू स्वतःच तशा कामाचे रेणू बनवतो. त्यांतला पहिला, आनंदामाइड, इस्रायलमध्ये रफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडला. हे रेणू पेशींवरच्या ज्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, बसतात ते स्मृती, तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागांत दाट आहेत. श्वास चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभात फार विरळ. त्यामुळे भांगेने श्वास बंद पडून माणूस सहसा दगावत नाही. अफूचे ग्राही मात्र श्वासाच्या केंद्रातच आहेत, आणि दारूही मात्रा वाढली की तेच केंद्र दाबते. ती अफू आपल्या माळव्यातलीच; मंदसौर-नीमचला आजही परवान्याने पिकते. थंडाईतली खसखस त्याच झाडाचं बी. बियांत स्वतःची अफू नसते, बाहेरून बोंडाचा चीक लागला तर तेवढाच.

कायद्यानेही पानाला वेगळं काढलं आहे. इंग्रज सरकारच्या १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने भांगेवर बंदी नको असं सुचवलं, आणि तिचं हिंदू धर्माचाराशी असलेलं नातं हे त्यामागचं एक कारण होतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. नुसतं पान त्या व्याख्यांत येत नाही. म्हणून आपल्याकडे भांगेचं परवानाधारक दुकान दिसतं.

पण दुकान उघडं आहे म्हणून ते सगळ्यांसाठी निर्धोक होत नाही. वाढत्या वयातली मुलं, गरोदर बायका, हृदयविकाराचे रुग्ण आणि ज्यांच्या घराण्यात मनोविकृतीचा आजार आहे ते, यांना भांग देऊच नये. कोणालाही न सांगता थंडाईत मिसळणं याला मी थट्टा मानत नाही. तो दुसऱ्याच्या शरीरावर केलेला अन्याय आहे. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी थोडी घ्यावी, पुढचे तीन तास दुसऱ्या ग्लासाला हात लावू नये, सोबत दारू घेऊ नये आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीची किल्ली घरच्यांकडे द्यावी. कोणाला जास्त झालीच तर शांत, अंधाऱ्या खोलीत कुशीवर झोपवून जवळ बसावं. छातीत दुखू लागलं, शुद्ध हरपली किंवा आकडी आली तर लगेच १०८ला फोन करावा, आणि डॉक्टरांना भांग किती आणि किती वाजता घेतली हे न लाजता सांगावं.