'अनचेन्ड मेलडी': १९६५ चं आणि १९९० चं

'घोस्ट' हा १९९० चा हॉलिवूडपट पाहिलेल्यांना कुंभाराच्या चाकापाशी बसलेली डेमी मूर आणि तिच्यामागे येऊन बसणारा पॅट्रिक स्वेझी आठवतोच. त्या प्रसंगातलं गाणं 'अनचेन्ड मेलडी', गायक 'रायचस ब्रदर्स'. पण हे नाव शोधायला गेलं की याच जोडीची दोन ध्वनिमुद्रणं सापडतात, एक १९६५ चं आणि एक १९९० चं. कॅसेटच्या जमान्यात आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांची 'कव्हर व्हर्जन' निघायची, तिथे गायक वेगळा असल्याने फरक लगेच कळायचा. इथे आवाजही त्याच माणसाचा, म्हणून गफलत होते.

सिनेमात वाजतं ते १९६५ चं. घरातल्या ज्यूकबॉक्सवर रेकॉर्ड लागते आणि बॉबी हॅटफिल्डचा आवाज सुरू होतो. नाव 'ब्रदर्स' असलं तरी हॅटफिल्ड आणि बिल मेडली भाऊ नव्हते, आणि या गाण्यात मेडली गातही नाही. हे एकट्या हॅटफिल्डचं गाणं आहे.

गाणं मात्र त्याच्याही आधीचं. कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या तुरुंगावर १९५५ साली 'अनचेन्ड' नावाचा चित्रपट आला, त्यासाठी अ‍ॅलेक्स नॉर्थने संगीत दिलं आणि हाय झॅरेटने शब्द लिहिले. पडद्यावर ते टॉड डंकनने कैद्याच्या भूमिकेत गायलं. 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातला पहिला पोर्गी म्हणजे हाच डंकन. वेळ सरता सरत नाही, तू अजून माझीच आहेस ना, ही तगमग मुळात घरापासून तुटलेल्या कैद्याची आहे. हे लक्षात ठेवून ऐकलं की गाणं जास्त लागतं. त्याच वर्षी लेस बॅक्स्टर, अल हिब्लर आणि रॉय हॅमिल्टन अशा तिघांच्या आवृत्त्या अमेरिकेत गाजल्या. चित्रपट विस्मरणात गेला, गाणं राहिलं.

१९६५ मध्ये संगीत-निर्माता फिल स्पेक्टरच्या फिलीज या रेकॉर्ड कंपनीने ते 'हंग ऑन यू' या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटवली आणि मागचं गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं. हॅटफिल्डने शेवटच्या कडव्यात मूळ चाल सोडून आवाज एकदम वर नेला. पुढच्या बहुतेक गायकांनी त्याचीच वाट धरली, इतकी ती जागा अस्सल आहे.

मग १९९० मध्ये पुन्हा का गायलं? गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या मालमत्ता असतात. चाल आणि शब्दांचं मानधन कोणीही गायलं तरी नॉर्थ आणि झॅरेटकडे जाणार. मुद्रणाची मालकी मात्र कंपनीची, आणि जुनं मुद्रण गायकांच्या हातात नव्हतं. 'घोस्ट'मुळे मागणी उसळली तेव्हा व्हर्व्ह या कंपनीने ते जुनं मुद्रण पुन्हा बाजारात आणलं, तर हॅटफिल्ड आणि मेडलीने कर्ब या कंपनीसाठी नवं मुद्रण केलं. दुकानात कॅसेट सिंगल, म्हणजे एकाच गाण्यासाठी निघणारी कॅसेट, मागणाऱ्याच्या हाती बहुधा हे नवं पडायचं. रेडिओवर जुनं, कॅसेटमध्ये नवं, अशी विभागणी झाली. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोन्ही एकाच वेळी होती: जुनं १३ व्या क्रमांकापर्यंत गेलं, नवं १९ व्या. ब्रिटनमध्ये जुन्याने थेट पहिला क्रमांक गाठला.

दोन्हींत माझी निवड जुन्याचीच. पंचविशीतला हॅटफिल्ड त्या वरच्या सुरावर झेपावतो तेव्हा आवाज फाटेल की काय अशी धाकधूक वाटते, आणि भोवतीचा घुमारा त्या क्षणाला आणखी मोठं करतो. नव्या मुद्रणाचा ध्वनी स्वच्छ आहे, पन्नाशीतल्या गायकाची तयारीही दिसते, पण ती धाकधूक त्यात नाही.

तुमच्याकडे कोणतं आहे हे पाहायचं असेल तर अल्बमच्या वर्षावर जाऊ नका, कारण नव्या संकलनात जुनं मुद्रणही असतं. गाण्याच्या नावापुढे 'री-रेकॉर्डेड' आहे का ते बघा. तसं काही लिहिलेलं नसेल तर 'घोस्ट'चा मूळ साउंडट्रॅक लावून शेवटचं कडवं शेजारी शेजारी ऐका.